बरोबरीचा सांधा : अंतराळातील स्पर्धा आणि सहकार्य

अंतराळयुगाचा इतिहास सांगू लागले म्हणजे दोन दिवसांचा उल्लेख हटकून होतो. पहिला ४ ऑक्टोबर १९५७. त्या दिवशी सोव्हिएट रशियाने ‘स्पुटनिक’ आकाशात सोडला. दुसरा २० जुलै १९६९. त्या दिवशी नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन ह्या अमेरिकन वीरांचे यान चंद्रावर उतरले. पहिला दिवस स्पर्धेच्या आरंभाचा, दुसरा तिच्या निकालाचा. मधला काळ म्हणजे एक शर्यत होय, आणि शर्यतीचे वर्णन ऐकावयास कोणाला आवडत नाही? आम्हांला मात्र येथे तिसऱ्याच एका दिवसाचा विचार करावयाचा आहे. तो दिवस १७ जुलै १९७५. त्या दिवशी कोणी जिंकले नाही आणि कोणी हरलेही नाही. रशियाचे ‘सोयुझ’ व अमेरिकेचे ‘अपोलो’ ही दोन याने पृथ्वीभोवती फिरत असताना एकमेकांना जोडली गेली, आणि मधल्या दारातून दोन माणसांनी हस्तांदोलन केले.

राजकारणात हस्तांदोलने रोजच होतात. त्यांचे छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी ती विसरली जातात. तेव्हा त्या हस्तांदोलनापेक्षा ज्या दारातून ते झाले त्या दाराची रचना अधिक विचार करण्याजोगी आहे. परस्परांवर विश्वास नसलेली दोन राष्ट्रे एकत्र काम करू शकतात काय, आणि करू शकत असतील तर कोणत्या अटीवर, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या रचनेत सापडते असे आम्हांस वाटते.

स्पर्धेचा जन्म

गंमत अशी की, ही स्पर्धा जन्मली ती सहकार्याच्या घरात. १ जुलै १९५७ पासून ३१ डिसेंबर १९५८ पर्यंतचा दीड वर्षाचा काळ हे ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष’ म्हणून पाळावयाचे असे जगातील शास्त्रज्ञांनी ठरविले होते. साठाहून अधिक देश त्यात सामील झाले. समुद्र, वातावरण, ध्रुवप्रदेश, पृथ्वीचे चुंबकत्व यांची मोजमापे सर्वांनी मिळून घ्यावयाची आणि ती सर्वांना खुली करावयाची, असा तो संकल्प होता. ह्याच संकल्पाचा भाग म्हणून अमेरिका व रशिया या दोघांनीही कृत्रिम उपग्रह सोडण्याचे जाहीर केले होते. स्पुटनिक हा त्या अर्थाने विज्ञानाच्या एका सामाईक यज्ञातील समिधाच होता.

पण जगाने त्याकडे तसे पाहिले नाही. ५८ सेंटिमीटर व्यासाचा व ८३.६ किलो वजनाचा तो गोळा डोक्यावरून जाताना बीप बीप असा संदेश पाठवीत होता, आणि अमेरिकेला त्यात दुसराच अर्थ ऐकू आला. जो अग्निबाण हा गोळा आकाशात ठेवू शकतो, तो अण्वस्त्र घेऊन आमच्या शहरावरही येऊ शकतो, हा तो अर्थ. तो खोटाही नव्हता. कारण स्पुटनिक वर नेणारा अग्निबाण मुळात त्याच कामासाठी बांधलेला होता. महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, लायका कुत्री वर गेली. ६ डिसेंबरला अमेरिकेचा ‘व्हॅनगार्ड’ उड्डाणमंचावरच कोसळून जळाला. पुढल्या वर्षाच्या आरंभी अमेरिकेचा ‘एक्सप्लोरर’ कक्षेत गेला, आणि १ ऑक्टोबर १९५८ रोजी ‘नासा’ ही संस्था काम करू लागली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि सुमारे सहा आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी हे दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरविण्याची प्रतिज्ञा केली.

ह्या स्पर्धेला केवळ नावे ठेवणे योग्य होणार नाही. बारा वर्षांत मानव पहिल्या उपग्रहापासून चंद्रापर्यंत पोहोचला तो चढाओढीच्या वेगानेच. शांतपणे, समित्या नेमून हे घडले असते असे आम्हांस वाटत नाही. परंतु तिची किंमतही द्यावी लागली. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच चाचणी चालू असता अपोलो यानात आग लागून तिघे अमेरिकन अंतराळवीर मरण पावले. त्याच वर्षी २४ एप्रिलला उतरताना हवाईछत्री नीट न उघडल्याने रशियाचा कोमारॉव्ह मृत्युमुखी पडला. दोन्हीकडे घाई होती आणि दोन्हीकडे ती नडली. त्याखेरीज गुप्ततेचा रोग होताच. रशियाचा चंद्रावर जाण्यासाठी बांधलेला प्रचंड अग्निबाण जुलै १९६९ मध्ये, अपोलोच्या उड्डाणाला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, उडताच फुटला. ही गोष्ट जगाला उघडपणे कळावयास सुमारे वीस वर्षे लागली.

अर्धवट राहिलेले हात

सहकार्याची भाषा ह्या काळात कोणी बोलतच नव्हते असे मात्र नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परत आला तेव्हा ख्रुश्चेव्हने केनेडींना अभिनंदनाचा संदेश धाडला आणि दोन्ही राष्ट्रांनी अंतराळात मिळून काम करावे असे सुचविले. केनेडींनी तो धागा उचलला. त्यातून हवामानाच्या व चुंबकत्वाच्या माहितीची देवाणघेवाण करण्याचा एक छोटा करार झाला. २० सप्टेंबर १९६३ रोजी तर केनेडींनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, चंद्रावर आपण मिळूनच का जाऊ नये, असा प्रश्न विचारला. दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली, आणि प्रश्न प्रश्नच राहिला.

त्या हत्येच्या आदल्याच दिवशी, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, आपल्या देशात एक लहानशी घटना घडली. केरळच्या किनाऱ्यावर थुंबा ह्या कोळ्यांच्या गावातून पहिला अग्निबाण वर गेला. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ असल्याने वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला ती जागा उत्तम होती. डॉ. विक्रम साराभाईंनी तेथे जे जुळवून आणले ते पाहण्यासारखे आहे. अग्निबाण अमेरिकेचा; त्याच्या टोकातील सोडियमचा प्रयोग फ्रान्सचा; संगणक व हेलिकॉप्टर आले रशियाकडून; आणि कचेरी होती गावातील चर्चमध्ये. जी राष्ट्रे चंद्रासाठी एकमेकांविरुद्ध धावत होती त्यांची सामग्री थुंब्याच्या वाळूत शेजारी शेजारी नांदत होती. १९६८ साली हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आले. मात्र एक गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे : ह्या मांडवात आपण यजमान होतो, बरोबरीचे भागीदार नव्हतो. ती पायरी फार पुढे यावयाची होती.

संकटाने आणलेली जवळीक

मोठ्या राष्ट्रांना जवळ आणले ते उपदेशाने नव्हे, धोक्याने. अंतराळात संकट आले तर मदतीला कोण येणार? १९६७ च्या अंतराळ कराराने अंतराळवीर हे सर्व मानवजातीचे दूत आहेत असे मान्य केले, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या सुटकेविषयीही करार झाला. पण कागदावरील दूताला प्रत्यक्षात वाचवावयाचे कसे? एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर अपोलो-१३ यानात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. तेव्हा सोव्हिएट सरकारने आपली जहाजे मदतीसाठी देऊ केली. समुद्रावर जहाज धावून जाऊ शकत होते. आकाशात मात्र एका देशाचे यान दुसऱ्या देशाच्या यानाला जोडताच येत नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकन तंत्रज्ञांचे एक पथक मॉस्कोला गेले आणि एवढ्या एकाच प्रश्नावर बोलणी सुरू झाली.

पुढल्या जूनमध्ये रशियाचे सोयुझ-११ हे यान पृथ्वीवर परतले. दार उघडले तो आतील तिघेही वीर मृत. उतरण्यापूर्वी एक झडप अकाली उघडून आतील हवा निघून गेली होती, आणि त्यांच्या अंगावर दाबरक्षक पोशाख नव्हते. मॉस्कोतील त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत टॉमस स्टॅफर्ड हा अमेरिकन अंतराळवीर होता. चार वर्षांनी अपोलोचा कप्तान म्हणून त्या दारापाशी उभा राहिला तो हाच. २४ मे १९७२ रोजी निक्सन व कोसिगिन यांनी मॉस्को येथे करारावर सह्या केल्या, आणि दोन्हीकडचे तंत्रज्ञ खऱ्या कामाला लागले.

खुंटी आणि खोबण

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तोपर्यंत याने जोडण्याची रीत दोन्ही देशांत सर्वसाधारणपणे एकच होती. एका यानाच्या नाकावर खुंटी असावयाची. दुसऱ्याच्या नाकात नरसाळ्यासारखी पोकळ खोबण असावयाची. खुंटीवाले यान पुढे सरकून खोबणीत शिरावयाचे. खोबणीवाल्याने स्थिर राहून तिला झेलावयाचे. हे साधे आहे, पण सुटकेच्या कामी निरुपयोगी. दोन खुंटीवाली याने समोरासमोर आली तर काहीच जुळत नाही. दोन खोबणीवाली आली तरी तेच. संकट काही कोणाकडे खुंटी आहे हे विचारून येत नाही.

तेव्हा दोन्हीकडच्या तंत्रज्ञांनी ठरविले की, सांधा असा करावयाचा की त्यात खुंटी व खोबण हा भेदच राहू नये. रशियाकडून ह्या कामाचा प्रमुख व्लादिमीर सिरोम्यात्निकॉव्ह हा अभियंता होता. नव्या रचनेत प्रत्येक यानाच्या तोंडावर एक कडे आणि त्या कड्यावर तीन पाकळ्या. ज्याने पुढाकार घ्यावयाचा त्याने आपले कडे पुढे काढावयाचे. दुसऱ्याने आत ओढून ठेवावयाचे. एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या पाकळ्यांमधील फटीत बसतात, जशी दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशी. मग खिट्ट्या लागतात, कडे मागे ओढले जाते आणि सांधा हवाबंद होतो. आज एकाने पुढाकार घ्यावा, उद्या दुसऱ्याने; यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही.

ह्याहूनही शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. बाहेरची मापे दोघांची तंतोतंत एक. परंतु आतली यंत्रणा ज्याची त्याची. धक्का शोषून घेण्यासाठी अमेरिकेने तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे वापरले, तर रशियाने विजेच्या मोटारी, दांते व गतिरोधक यांची योजना केली. एकाने दुसऱ्याची पद्धत स्वीकारावी असा हट्ट कोणी धरला नाही. जेथे स्पर्श होतो तेवढ्या जागेचा करार केला आणि बाकीचे घर ज्याचे त्याला मोकळे ठेवले. सहकार्य म्हणजे सर्वांनी एकसारखे होणे असे समजणाऱ्यांनी हा सांधा एकदा नीट पाहावा.

हवेचाही प्रश्न होता. सोयुझमध्ये आपल्या नेहमीच्या हवेसारखी हवा, जमिनीवर असतो तेवढ्याच दाबाची; अपोलोत शुद्ध प्राणवायू, सुमारे एकतृतीयांश दाबाचा. एका यानातून दुसऱ्यात एकदम गेल्यास खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्याची जी दशा होते तीच व्हावयाची. म्हणून मध्ये एक देवडी बांधली. तीत थांबून, दाब सावकाश बदलून, मग पलीकडे जावयाचे. रशियाने आपल्या यानातील दाबही त्या काळापुरता उतरविला, त्यामुळे थांबण्याचा वेळ बराच कमी झाला. आणि भाषेचे काय? प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत बोलावे असे ठरले, कारण परक्या भाषेत माणूस सावकाश व तोलून बोलतो. स्टॅफर्डचे रशियन त्याच्या ओक्लाहोमा प्रांताच्या वळणाचे होते. त्यावर सोयुझचा कप्तान अलेक्सी लिओनॉव्ह थट्टेने म्हणे की, आमच्या मोहिमेत भाषा तीन : रशियन, इंग्रजी आणि ओक्लाहोम्स्की!

१९७५ चा उन्हाळा

१५ जुलै १९७५ रोजी लिओनॉव्ह व कुबासॉव्ह यांना घेऊन सोयुझ निघाले. सोव्हिएट उड्डाण घडत असतानाच जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले ते प्रथमच. साडेसात तासांनी स्टॅफर्ड, ब्रँड व स्लेटन यांना घेऊन अपोलो निघाले. ह्यांपैकी स्लेटनची कथा वेगळीच आहे. १९५९ साली निवडलेल्या पहिल्या सात अमेरिकन अंतराळवीरांपैकी तो एक. पण हृदयाच्या ठोक्यांत दोष आढळल्याने त्याला जमिनीवर बसावे लागले, आणि पहिली संधी मिळाली ती ५१ व्या वर्षी, ह्या मोहिमेत. १७ तारखेला याने जुळली. पुढाकार अपोलोचा होता. १९ तारखेला ती सुटी करून पुन्हा जोडली, तेव्हा पुढाकार सोयुझचा. दुसऱ्या वेळी थोडा हिसका बसला, पण सांधा टिकला.

त्या वर्षाशी आपलाही संबंध आहे. १९ एप्रिलला ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह रशियन अग्निबाणावरून गेला होता. जुलैत अपोलो-सोयुझची चित्रे पोहोचविण्याचे काम ‘एटीएस-६’ ह्या अमेरिकन उपग्रहाने केले, आणि १ ऑगस्टपासून तोच उपग्रह भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दाखवू लागला. हस्तांदोलन दाखविणारा डोळा दोन आठवड्यांत आपल्या खेडुतांकडे वळला होता.

हस्तांदोलनाने काय झाले नाही

ह्या मोहिमेवर टीकाही झाली. सुमारे पंचवीस कोटी डॉलर खर्चून एक देखावा केला, असे अमेरिकेतच अनेकांचे म्हणणे पडले. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, वातावरण पुन्हा गोठले, आणि त्या सांध्याने दोन देशांची याने पुन्हा जुळावयास वीस वर्षे लागली. सांधा युद्ध थांबवीत नाही आणि शस्त्रेही खाली ठेववीत नाही. त्याकडून तेवढी अपेक्षा करणे हीच चूक होय.

परंतु सांधा मेला नाही. सिरोम्यात्निकॉव्हने त्यात सुधारणा करून तो ‘बुरान’ ह्या रशियन विमानयानासाठी तयार ठेवला. बुरान हे अमेरिकेच्या शटलला उत्तर म्हणून बांधलेले यान; म्हणजे सहकार्यातून निघालेली वस्तू पुन्हा स्पर्धेच्या कामी लागली. ते यान १९८८ साली एकदाच उडाले, आणि सोव्हिएट संघच लयाला गेला. मग जून १९९५ मध्ये ‘अटलांटिस’ हे अमेरिकन शटल ‘मिर’ ह्या रशियन स्थानकाला जोडले गेले ते ह्याच जातीच्या सांध्याने. १९९८ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे पहिले दोन भाग, रशियात बांधलेला ‘झार्या’ व अमेरिकेचा ‘युनिटी’, एकत्र आले तेही ह्याच कुळातील सांध्याने. २ नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकात माणूस नाही असा एकही दिवस गेलेला नाही. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले. अमेरिका व रशिया यांचे जवळजवळ सर्व व्यवहार तुटले, तरी मार्चअखेर मार्क व्हँडे हाय हा अमेरिकन वीर दोन रशियन सहकाऱ्यांसह सोयुझमधूनच पृथ्वीवर उतरला.

बरोबरी कमवावी लागते

येथे कोणी विचारील की, मग प्रत्येक राष्ट्राला असा सांधा का मिळत नाही? उत्तर कडू आहे. बरोबरीचा सांधा बरोबरीच्यांतच बसतो. १९७५ साली रशिया व अमेरिका यांनी एकमेकांना मान दिला, कारण आधीच्या अठरा वर्षांच्या चढाओढीने दोघांनाही आपापले बळ दाखवून दिले होते. भारताला याचा अनुभव पुढे आला. १९९१ साली अतिशीत इंधनावर चालणाऱ्या इंजिनांसाठी आपण रशियाशी करार केला. अमेरिकेने निर्बंध घातले, आणि १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून केवळ तयार इंजिने दिली. मागणाऱ्याच्या हातात खोबणच राहते. खुंटी देणाऱ्याच्या मर्जीवर. ते इंजिन येथेच घडवावे लागले, आणि भारतीय बनावटीच्या अशा इंजिनाने अग्निबाणाला पहिले यश दिले ते ५ जानेवारी २०१४ रोजी.

१६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’ मोहिमेतील आपले दोन छोटे उपग्रह आकाशात एकमेकांना जोडले गेले, आणि असे करणारे भारत हे चौथे राष्ट्र ठरले. त्या दोन्ही उपग्रहांच्या तोंडावरील यंत्रणा एकसारखीच होती. तेथे खुंटी-खोबणीचा भेद नव्हता. थुंब्याच्या वाळूत जो प्रवास यजमान म्हणून सुरू झाला तो भागीदारीच्या उंबरठ्यापर्यंत आला, असे म्हणावयास आता हरकत नाही.

पुढचा काळ मात्र सोपा नाही. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करण्याचे ठरले आहे. चीनने आपले स्थानक वेगळे उभारले आहे, आणि अमेरिकेच्या २०११ च्या कायद्याने नासाला चीनशी परस्पर सहकार्य करण्यास जवळजवळ बंदीच घातली आहे. चंद्राकडे जाणाऱ्या वाटेवर पुन्हा दोन तांडे तयार होत आहेत. ह्यांच्यात स्पर्धा होणारच, आणि तिला भिण्याचे कारण नाही. मागावयाचे ते इतकेच की, यानाच्या तोंडाची मापे सर्वांनी एक ठेवावीत. १९७० साली तंत्रज्ञ मॉस्कोला गेले ते मैत्रीवर भाषणे करावयास नव्हे, तर परक्या यानातील माणूस वाचविता येईल काय हे पाहावयास. मैत्री मागाहून आली. २०१९ साली लिओनॉव्ह वारला, तेव्हा ८९ वर्षांचा स्टॅफर्ड त्याला निरोप देण्यासाठी रशियाला गेला. सांध्याचे माप आधी जुळले, म्हणून त्या दोघांना एकमेकांच्या दारात उभे राहता आले.